काकतीच्या अलीकडं

(पहाट. निपाणी बस स्टँड.)

बेळगावची बस. खिडकीशी काकी, मांडीवर पेजेचा डबा, हातात घडी केलेली प्लास्टिकची पिशवी. आज कॅन्सरच्या किमोची दुसरी खेप. संकेश्वर जातं, वंटमुरीचा घाट सरतो, आणि काकतीच्या अलीकडं काकींच्या तोंडाला पाणी सुटतं. पिशवी उलगडावी लागते. किमोचं ते लाल औषध अजून सुईतही भरलेलं नाही.

उलटी आठवणीनंही होते. पहिली खेप वाईट गेली, की पुढं दवाखान्याचा वास पुरतो, बससुद्धा पुरते. म्हणून जपायचं ते पहिल्याच खेपेला.

(घर. फळीवर गोळ्यांचं पाकीट.)

पहिल्या खेपेला सलाईनआधीच उलटीची इंजेक्शनं मिळाली होती. रात्री काकी चक्क भाकरी जेवल्या. "मला काय होईना बघ," म्हणाल्या, आणि घरी दिलेल्या गोळ्या फळीवरच राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना.

किमोनंतर पहिल्या 24 तासांत आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. पोटाकडून मेंदूकडं जाणारी नस त्यानं चाळवते. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीचं औषध तिथं आडवं येतं. दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंतची मळमळ मुख्यतः मेंदूतल्या 'सबस्टन्स पी' या रसायनाची. तिला अ‍ॅप्रेपिटंट हे दुसरं औषध लागतं. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि रात्री ओलान्झापिन. ओलान्झापिन मुळात मनाच्या आजाराचं औषध, त्यामुळं मेडिकलमध्ये नाव कळलं की घरचे दचकतात. इथं ते मळमळीसाठीच असतं. झोप मात्र येते.

काकींसारख्या तीव्र किमोत आधी काहीच दिलं नाही, तर 100 पैकी 90 हून अधिक जणांना उलट्या होतात. गाडी लागणाऱ्यांना, डोहाळ्यांत उलट्यांनी हैराण झालेल्यांना धोका जास्त. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे सांगावं. नेहमी दारू पिणाऱ्यांना त्रास कमी होतो, हेही खरं. शेजारचे मामा हे ऐकून खुलले, पण तो काही इलाज नव्हे.

आलं चघळा, लिंबू हुंगा. भरवसा मात्र गोळ्यांवर ठेवा. फोडणी काकी झोपल्यावर परसात. पेज गार, घोट घोट. दिवसभर पाणीही टिकलं नाही तर दवाखाना गाठायचा.

(तिसरी खेप.)

मेडिकलवाल्यानं पाकिटावर कन्नडमध्ये लिहिलेलं. सुनेनं खाली मराठीत लिहिलंय: 'दुसरा, तिसरा, चौथा दिवस. उलटी नसली तरी.' आदल्या रात्री डॉक्टरांनी दिलेली लोराझेपामची, धास्ती कमी करणारी छोटी गोळीही झालीय.

काकती येते. काकींचे डोळे मिटलेले. पिशवीची घडी अजून तशीच.