स्टेशनरीच्या पाटीवरचं एक अक्षर

जून महिना. शाळा नुकत्याच सुरू झाल्यात आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नाहीये, वह्या, कव्हरं, कंपासपेट्या, आईचा हात धरून चाललेली पोरं. अशी दुकानं आपल्याकडे गावोगावी आहेत, आणि पाटीवर इंग्रजीत स्टेशनरी लिहिताना कितीतरी ठिकाणी एकच अक्षर चुकतं. शेवटच्या आर-वायच्या आधी ई पाहिजे, तिथे ए पडतो. एवढ्याने अर्थ पार बदलतो, ई असेल तर वह्या-पेनं, आणि ए असेल तर जागचं न हलणारं, स्थिर, फिजिक्सला स्टेशनरी वेव्हज असतात ना, ती स्टेशनरी.

उच्चार दोन्हीचा सेम, मग कानाला कळणार कसं? अशा पाट्यांचे फोटो काढून लोक हसतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण हे दोन शब्द मुळात एकाच घरातले आहेत.

गोष्ट आहे मध्ययुगातल्या युरोपातली. तिकडे छपाई अजून आलेली नव्हती, पुस्तक म्हणजे हाताने उतरवलेली पोथी, आणि बराचसा किरकोळ माल फेरीवाले गावोगाव फिरून विकायचे. पण पॅरिस, बोलोन्यासारख्या ठिकाणी विद्यापीठाजवळ काही पुस्तकवाले कायमचं दुकान थाटून बसले, विद्यार्थी त्यांच्याकडून पुस्तकाचे सुटे भाग भाड्याने न्यायचे, उतरवून घ्यायचे आणि परत आणून द्यायचे. (आपल्या कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नोट्स मिळतात, जवळपास तसंच.) एका जागी बसतो म्हणून लॅटिनमध्ये तो स्टेशनारियस, आणि त्याचाच इंग्रजीत झाला स्टेशनर. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या आजूबाजूला यांची दुकानं होती, १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये राजसनद मिळाली, आणि मग इंग्लंडमधल्या छपाईवर कितीतरी वर्षं याच मंडळींचा ताबा राहिला. तो संघ आजही आहे.

तर स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी, आणि ई येतो तो या स्टेशनरमधून. तरी खूण पाहिजेच असेल तर पेपरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई-आर आहे, तोच इथे. आणि पार्क केलेली कार, तिच्यात ए-आर. प्रिन्सिपलच्या दोन स्पेलिंगांचंही (एक म्हणजे प्राचार्य, दुसरं म्हणजे तत्त्व) असंच, घर एकच.

आणि हे मूळ अजून खोल जातं, म्हणजे अगदी आपल्यापर्यंत. लॅटिनमधला उभं राहण्याचा धातू आणि संस्कृतातला स्था, दोन्ही एकाच जुन्या मुळापासून आलेत. स्थिर, स्थान, स्थानक तिथलेच, इंग्रजी स्टँडसुद्धा तिथलाच. संध्याकाळी वह्यांच्या पिशव्या सांभाळत माणसं गावाकडची एसटी पकडायला निघतात, एकमेकांना म्हणतात चला, स्टँडवर जायचंय, आणि तिथे वर लिहिलेलं असतं, बसस्थानक.