सत मानतां

श्रोतेहो, नमस्कार.

पास्कांच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री, शनिवारी, गोव्यातल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलात तर आधी भेटतो तो अंधार. दिवे बंद. गुरुवारपासून घंटाही मुक्या, त्यांच्या जागी मात्राक नावाचे लाकडी खटखटे वाजते. बाहेर अंगणात नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले, आणि येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे खोवलेले. ती आत येते, आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते.

आज पुनरुत्थानाविषयी बोलते आहे. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुन्हा सांगते, पुनर्जन्म नव्हे. आत्मा अमर आहे एवढेच म्हणणेही नव्हे. क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी देहानिशी उठला, अंगावरच्या जखमांसकट उठला, आणि आता तो पुन्हा मरणार नाही, असा हा विश्वास. संत पौलाने करिंथच्या मंडळीला रोखठोक लिहिले आहे की ख्रिस्त उठला नसेल तर आमचे सांगणे फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट.

जाता जाता एक सांगू द्या. ही कथा आपल्याकडे मराठी ओवीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. जन्माने इंग्रज माणूस, पण ओवी कशी अस्सल! ती आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही याचे मला फार वाईट वाटते. गावोगावच्या वाचनालयांत ती मोठ्याने वाचली जायला हवी. असो.

मला खरे तर आमच्या शेजारच्या बायची गोष्ट सांगायची आहे. आमचे घर बार्देशात, आमचे तुळशीवृंदावन आणि तिच्या दारातला खुरीस, म्हणजे क्रूस, यांच्यामध्ये फक्त एक गडगा, दगडी कुंपण. तिचा एकुलता एक मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होता. आमच्या परसात आबोली भरपूर, म्हणून ती रोज सकाळी गडग्यापाशी येऊन आईला विचारायची, "आबोलीं फुल्ल्यांत गो?" आई केळीच्या सोपटात ओवलेली माळ द्यायची. ती माळ तिच्या घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, मुलगा सुखरूप यावा म्हणून.

तो आला नाही. बोटीवरच वारला आणि त्याला समुद्रातच पोचवले. पेटी नाही, माती नाही. बायने काळे नेसले आणि गडग्यापाशी येणे सोडले. आई माळ घेऊन गेली तर म्हणाली, "नाका." आल्तार उघडा राहिला.

त्या वर्षी पास्कांच्या रात्री ती अचानक आमच्या दारात आली. रात्रीची एकटी कशी जाऊ, चेडवाला पाठव म्हणाली. मी नऊ वर्षांची. आईने मला शाल गुंडाळून पाठवले. अंधारात मी तिचा पदर घट्ट धरून होते. माझी मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली, दोन्हीदा तिने न बोलता आपल्या ज्योतीवर लावून दिली. मेण तिच्या अंगठ्यावर ओघळले होते, ते तिने पुसले नाही.

मग पाद्री प्रश्न विचारू लागले. देवबापावर विश्वास आहे का? येशू ख्रिस्तावर? सगळी इगर्ज उत्तर देई, "सत मानतां." बाय गप्प. शेवटच्या प्रश्नात पापांची क्षमा येते, देहाचे पुनरुत्थान येते. देहाचे, श्रोतेहो. लोकांनी म्हटले, "सत मानतां." आवाज विरला. पाद्री पुढे बोलणार, एवढ्यात माझ्या शेजारून, एकटाच, घोगरा आवाज आला, "सत मानतां."

दोन-चार माथी वळली. पाद्री क्षणभर थांबले आणि मग पुढे गेले.

सत मानणे. खरे मानणे. कोकणीतला हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. बायचा नवस फळला नव्हता, देवाने तिला काही परत दिले नव्हते. तरी तिने उत्तर दिले. उपासना म्हणजे देवाला दिलेले उत्तर. मागणे नव्हे, उत्तर. मत्तय लिहितो की कबरीवरून धावत निघालेल्या बायांना येशू वाटेत भेटला, आणि त्यांनी त्याचे पाय धरून त्याला वंदन केले. आधी सगळे समजले आणि मग वंदन केले, असे तिथे नाही. थोमासाने तर जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणून सांगितले होते. इतरांच्या मागाहून, आठ दिवस उशिरा, तो म्हणाला, "माझ्या प्रभू, माझ्या देवा." उशीर झाला म्हणून येशूने त्याला परत पाठवले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई विहिरीवर होती, मी पायरीवर बसून दात घासत होते. गडग्यापलीकडे काळे लुगडे दिसले.

"आबोलीं फुल्ल्यांत गो?"

आईने घागर तिथेच ठेवली आणि परसात धावली.