वाऱ्यात रिमोटचं विमान उडवताना

मंडळी, गोव्यात रिमोटचं विमान उडवायचं तर वाऱ्याशी जमवून घ्यावंच लागतं. सकाळी सडा, म्हणजे आपलं उडवायचं मोकळं पठार, शांत असतो, मग जमीन तापते, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि उन्हं उतरेपर्यंत काय थांबत नाही, आणि आपली पोरं येतात रविवारी जेवूनबिवून, चार वाजता, म्हणजे ऐन वाऱ्यात.

पहिल्यांदा जागा बघा. दाबोळी आणि मोपा, दोन विमानतळ, त्यामुळे गोव्यात मोकळी जागा फार थोडी. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरात 200 फुटांपर्यंतच विनापरवानगी उडवता येतं, 8 च्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय बॅटरी जोडूच नका, वरून माणसं भरलेली विमानं जातात हो.

आता मुख्य गोष्ट. उडणारं विमान हवेबरोबरच वाहत असतं, झुळका सोडल्या तर त्याला वारा कळतच नाही, वारा दिसतो तो खाली उभं राहिलेल्या आपल्याला, आणि इथंच घात होतो. हिशेब करा. समजा ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, हवेत ताशी 40 किलोमीटरने चाललाय, 25 च्या खाली स्टॉल होतो, म्हणजे पंख विमानाला तोलून धरेनासे होतात, वारा 20 चा. वाऱ्यावर तोंड करून जाताना तो जमिनीवरून 20 नेच सरकताना दिसतो, वळवून वारा पाठीमागून घेतला की 60 ने पळतो. नवीन पोरगा घाबरतो, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो, विमान डोळ्यांना परत 40 चं वाटायला लागतं. पण पंखांवर हवा राहिली फक्त 20 ची! त्यात एलेव्हेटर, म्हणजे नाक वर करणारी शेपटीची पट्टी, ओढला की एक पंख पडतो आणि विमान गिरकी खात खाली. मग म्हणतात वाऱ्याने पाडलं. वाऱ्याने नाही हो, डोळ्यांनी पाडलं. वळताना थ्रॉटलला हात लावू नका, पळू दे त्याला.

दुसरं म्हणजे माड. वाऱ्याच्या बाजूला माडांची रांग असली की तिच्या मागे हवा भोवऱ्यासारखी घुसळते, वर झावळ्या सळसळतायत आणि खाली गवत उलट्या बाजूला वाकतंय असं दिसलं तर तिथं उतरवायचंच नाही. हलकं फोमचं विमान तर तिथं पालथंच होतं, जरा वजनदार असलेलं तरी वाऱ्यात घुसतं.

उतरवताना तोंड वाऱ्याकडे, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, कमी, थ्रॉटल थोडा चालूच. वर 20 चा वारा गवताजवळ 10 वर येतो, तुम्ही हवेत 30 ने येत असाल तर पंखांवरची हवा अचानक 20 वरच राहते, म्हणजे शेवटच्या दोन-तीन मीटरात दगडासारखं खाली. पंख डुलायला लागला की हट्ट नको, थ्रॉटल देऊन सरळ वर काढा आणि फिरून परत या. त्यासाठी बॅटरी शिल्लक हवी, म्हणून वाऱ्याच्या दिवशी टायमर नेहमीपेक्षा दोन मिनिटं आधीचा लावा.