शेजारचा पोरगा जर्मनीत गेला म्हणून

नमस्कार मंडळी. उन्हाळा लागला की आमच्या घरी दोन गोष्टी चालू होतात, एक कूलर आणि दुसरं म्हणजे फाईल घेऊन येणारी पोरं. मी २०१३ ला श्टुटगार्टला मास्टर्सला गेलो होतो, शिकून नागपूरला परत आलो, एवढंच माझं क्वालिफिकेशन, पण लक्ष्मीनगरात ते सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या रविवारी एक मेकॅनिकलवाला आला, आईबाबा सोबत. म्हटलं काऊन रे बाबा, जर्मनीच काऊन? तर म्हणे, "काका, सगळेच जाऊन राहिले न, अन् तिथे फी नसते म्हणे."

आता फी नसते हे बरंचसं खरं आहे, बहुतेक सरकारी विद्यापीठांत नुसती सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते. पण बाडेन-वुर्टेमबर्ग नावाचं राज्य आहे, तिथे २०१७ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात, आणि गंमत म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही मेकॅनिकलवाल्यांची लाडकी गावं नेमकी त्याच राज्यात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, त्यामुळे माझा खर्च धरून हिशोब करू नका.

मग व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवायचे, म्हणजे जवळपास बारा लाख. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ परत मिळतात, पैसा आपलाच असतो, पण एकदम उभा तर करावा लागतो न. हे ऐकून बाबांनी चहाचा कप खालीच ठेवला.

खरी मजा मार्कांची. पोराला ६२ टक्के, फर्स्ट क्लास. जर्मनीवाले ते आपल्या मापात बदलून घेतात, शंभरातून तुमचे मार्क वजा करा, आले ३८, त्याला ६० ने भागा (कारण पासिंग ४० चं), तीनने गुणा, एक मिळवा, झाले २.९. कोर्सच्या पानावर लिहिलेलं, किमान २.५ पाहिजे. आई एकदम खूश, "मग जास्तच आहेत की!" मला सांगायला जिवावर आलं, पण वहिनी, तिथे एक म्हणजे सगळ्यात भारी आणि चार म्हणजे कसाबसा पास. २.५ पाहिजे तर ७० टक्के लागतात. पोरगा गपगार, कारण त्याला हे आधीच माहीत होतं असं मला वाटतं.

आणि भाषा. वर्ग इंग्रजीत असतील, पण घरमालक आणि पार्ट टाइम नोकरी देणारा, दोघंही जर्मनच बोलणार, तेव्हा क्लास इथूनच लावा.

इंग्लंडचं वेगळंच. मास्टर्स एका वर्षात आटोपतं, राहण्याजेवणाचा एक वर्षाचा खर्च वाचतो, पण डिग्रीनंतर नोकरी शोधायला जी दोन वर्षं मिळायची ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार, पीएचडीवाले सोडून. अमेरिकेत डिग्रीनंतर एक वर्ष काम करता येतं, सायन्स-इंजिनिअरिंगला वर दोन वर्षं, आणि त्याच्या पुढे एच-वन-बीची, म्हणजे तिथे नोकरी करायच्या व्हिसाची लॉटरी, वर्षाला ८५,००० जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज लॉटरीच्या भरवशावर काढायचं का, हे ज्याचं त्याने बघावं. मी काढलं नसतं.

एक गोष्ट मात्र पोरं विचारतच नाहीत म्हणून सांगून ठेवतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ मुलं जातात. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच, आणि आपण दीक्षाभूमीच्या गावात राहून हा फॉर्मच बघितलेला नसतो! अट आणि तारीख समाजकल्याणच्या साइटवर बघा, व्हॉट्सअॅपवर नाही.

तर त्या पोराला मी एवढंच म्हटलं, तीन कोर्स शोधून आण आणि देशाचं नाव झाकून मला दाखव, त्यात काय शिकवतात ते तू मला समजावून सांग. बाबा गेटपाशी थांबून म्हणाले, "म्हणजे जायचं का नाही जायचं?" मी म्हटलं, भाऊ, जायचं कशासाठी हे आधी त्याला सांगू तर द्या.

काल मेसेज आला. दोन सापडले, दोन्हीत २.५ ची अट नाही, एक तर वेल्डिंगचा आहे आणि त्याला ते खरंच आवडतं म्हणे. तिसरा शोधून राहिला.