नॉक्सव्हिलचा घरचा माणूस

(दृश्य: टेनेसी नदी, सकाळ. काठाला लागलेल्या बोटी, त्यांवर नारिंगी झेंडे.)

शनिवारची सकाळ. सामन्याला अजून कितीतरी वेळ आहे, पण नदीकाठी बोटी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं हे नॉक्सव्हिल. इथं लोक मॅचला गाडीनं येतात, तसे बोटीनंही येतात. या ताफ्याला त्यांनी नावसुद्धा दिलंय, 'व्हॉल नेव्ही'. समोर नेलँड स्टेडियम. एक लाखाच्या वर माणूस मावतं. तीन वानखेडे भरतील इतकं. आणि आत खेळणार कोण, तर कॉलेजची पोरं! युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसीचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, व्हॉलंटियर्स. लाडाचं नाव, व्हॉल्स.

(दृश्य: स्टेडियमलगतचा रस्ता. कॅमेरा पाटीवर थांबतो.)

ही पाटी नीट बघा. फिलिप फुलमर वे. आपल्याकडे रस्त्याला नाव लागायचं तर बहुतेक वेळा माणसाला आधी जावं लागतं. फुलमरना ते जिवंतपणी मिळालं. हे ज्यांनी दिलं, त्याच लोकांनी पुढे त्यांचा हिशेब मांडला. आपली गोष्ट त्या हिशेबाची आहे.

फुलमर याच राज्यातले, विंचेस्टर गावचे. इथंच खेळले, इथंच सहायक प्रशिक्षक झाले, आणि १९९२ मध्ये मुख्य प्रशिक्षक. ते पद मिळालं त्याची कहाणी मात्र सरळ नाही. त्या वर्षी मुख्य प्रशिक्षक जॉनी मेजर्स हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले. बदली म्हणून उभे राहिलेल्या फुलमरनी तिन्ही सामने जिंकले. मेजर्स परतले, थोड्याच दिवसांत संघ हरायला लागला, आणि हंगाम संपायच्या आत मेजर्सना जावं लागलं. तेव्हाचे क्रीडा संचालक होते डग डिकी, तेही टेनेसीचे माजी प्रशिक्षकच. मेजर्सनी हे फुलमरना कधी माफ केलं नाही. पाठीत खंजीर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात वेगळं समजवायला नको.

पण जिंकणाऱ्याला फार प्रश्न विचारले जात नाहीत. १५२ विजय, ५२ पराभव. आणि १९९८ चा तो हंगाम. पेटन मॅनिंगसारखा खेळाडू नुकताच बाहेर पडलेला, लोक म्हणत होते आता काय उरलं. त्याच वर्षी संघ एकही सामना हरला नाही. ४ जानेवारी १९९९ ला फ्लोरिडा स्टेटला २३-१६ नं हरवून टेनेसी राष्ट्रीय विजेता झाला.

दहा वर्षांनी, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये, हंगाम फसला म्हणून त्याच फुलमरना निरोप देण्यात आला. शेवटचा सामना जिंकल्यावर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं.

(दृश्य: रिकामं स्टेडियम. नऊ वर्षं, तीन चेहरे.)

पुढची नऊ वर्षं भराभर सांगतो, कारण टेनेसीवालेही ती भराभरच सांगतात. लेन किफिन एका हंगामानंतर रातोरात कॅलिफोर्नियाला निघून गेले, विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या. डेरेक डूली आले, गेले. बुच जोन्स आले, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काढले गेले.

आणि मग आला २६ नोव्हेंबर २०१७, रविवार. क्रीडा संचालक जॉन करी यांनी ग्रेग शियानो यांना मुख्य प्रशिक्षक नेमायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. बातमी फुटली आणि दुपारपर्यंत गाव पेटलं. शियानो पूर्वी पेन स्टेट विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते. तिथल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या एका ऐकीव साक्षीत त्यांचं नाव आलं होतं. त्यांनी ते साफ नाकारलं होतं, त्यांच्यावर कधी आरोपपत्रही नव्हतं. पण कॅम्पसवरच्या 'द रॉक' नावाच्या दगडावर विद्यार्थी रंगानं काहीबाही लिहीत असतात, त्या दिवशी तिथं शियानोंचं नाव होतं. आमदार बोलले, देणगीदार बोलले. संध्याकाळपर्यंत करार बारगळला. त्या रागात नैतिक संताप किती आणि 'याच्याहून मोठं नाव का नाही' हा रुसवा किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

पाच दिवसांत करी निलंबित झाले. त्याच दिवशी, १ डिसेंबरला, कुलगुरू बेव्हर्ली डेव्हनपोर्ट यांनी नवा संचालक जाहीर केला. फिलिप फुलमर!

गावाला हायसं वाटलं. घरचा माणूस आला. काहींनी १९९२ ची आठवण काढून पुन्हा कुजबूज केली, पण ती त्या जल्लोषात विरली.

आता हे पद काय असतं ते बघा. प्रशिक्षकाला एक संघ, एक हंगाम, समोरचा एक प्रतिस्पर्धी. संचालकाकडे बास्केटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळे संघ, तिकिटं, देणग्या, टीव्हीचा पैसा, नियमांवर नजर. आणि प्रशिक्षक नेमणं. शनिवारी एक लाख लोक यातलं शेवटचंच बघतात.

सहाच दिवसांत फुलमरनी नेमणूक केली. गंमत अशी, की घरच्या माणसानं माणूस उचलला तो थेट वैऱ्याच्या गोटातून. अलाबामाच्या बचावफळीचे सूत्रधार जेरेमी प्रुइट. पूर्वी ते कुठंही मुख्य प्रशिक्षक नव्हते. पहिल्या हंगामात पाच विजय, सात पराभव. दुसऱ्याची सुरुवात अशी, की पैसे मोजून बोलावलेल्या जॉर्जिया स्टेटनं नेलँडमध्येच ३८-३० नं हरवलं. असे पाहुणे हरायला बोलावलेले असतात! पुढे मात्र संघ सावरला, सलग सहा सामने जिंकून हंगाम संपला. आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये, नवा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, फुलमरनी प्रुइटना पगारवाढ आणि मुदतवाढ दिली.

माझ्या मते फुलमरविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. माणूस निवडताना चूक कुणाचीही होते. पण कुणी मागत नसताना, सहा सामन्यांच्या भरवशावर, हंगाम बघायच्या आधीच गाठ आणखी घट्ट करायची? त्या हंगामात तीन विजय, सात पराभव.

(दृश्य: बास्केटबॉलचं मैदान.)

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. २०१९ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठानं पुरुष बास्केटबॉलचे प्रशिक्षक रिक बार्न्स यांच्यावर जाळं टाकलं होतं. बार्न्स जवळजवळ गेलेच होते. फुलमरच्या कारकिर्दीत ते राहिले, आणि तो संघ आजही त्यांच्याच हाताखाली देशातल्या तगड्या संघांत मोजला जातो. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून फुलमरनी केली हार्पर यांना आणलं. इथल्याच माजी प्रशिक्षक पॅट समिट यांच्या तीन विजेत्या संघांत खेळलेली घरचीच मुलगी. संघ दोनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत गेला, पण आठ विजेतेपदं मिरवणाऱ्या गावाला तेवढ्यानं भागत नाही. २०२४ मध्ये हार्परही गेल्या. आणि बेसबॉलमध्ये २०२४ ला राष्ट्रीय विजेतेपद आणणारे टोनी व्हिटेलो? त्यांची नेमणूक करी यांची. गावानं ज्यांना पिटाळलं, त्या करींची.

१८ जानेवारी २०२१. खेळाडू मिळवताना नियम मोडल्यावरून प्रुइट बडतर्फ, सोबत आणखी नऊ जण. त्याच दिवशी फुलमरची निवृत्ती. पुढे, २०२३ मध्ये, कॉलेजच्या खेळांवर नजर ठेवणाऱ्या एनसीएए या संस्थेनं १८ गंभीर नियमभंग नोंदवले, विद्यापीठाला ८० लाख डॉलरचा दंड केला. फुलमरवर त्यात ठपका नव्हता. चाहत्यांचा सवाल साधा होता: मग साहेब बघत काय होते?

(दृश्य: १५ ऑक्टोबर २०२२. मैदानात उतरलेली नारिंगी गर्दी.)

नवे संचालक डॅनी व्हाइट पूर्ण बाहेरचे. त्यांनी आणलेले जॉश हायपलही बाहेरचे. दुसऱ्याच हंगामात अलाबामाला ५२-४९ नं हरवलं, २००६ नंतर पहिल्यांदा. लोकांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेतला आणि नदीत नेऊन टाकला. नव्या खांबासाठी विद्यापीठानं लोकांकडूनच वर्गणी काढली, आणि लोकांनी ती दिलीही.

(दृश्य: पुन्हा तोच रस्ता.)

घरच्या सामन्याआधी संघ चालत स्टेडियमकडे येतो. पेटन मॅनिंगच्या नावाच्या उतारावरून खाली, मग या रस्त्यावर. प्रुइटची पोरं इथूनच गेली, हायपलची इथूनच जातात. दोन्हीकडे माणसांची भिंत, बापाच्या खांद्यावर बसलेली नारिंगी टोपी घातलेली लेकरं. वर पाटी. तीन वर्षांची संचालकी कशी होती विचारलंत तर लोक तोंड वाकडं करतात. पाटी काढा, असं मात्र कुणी म्हणत नाही.