चिंचेखालचं नेटवर्क

(दृश्य: सकाळचा उमरेड रोड, ओली शेतं. आरोग्य उपकेंद्राची पायरी. लोखंडी कपाट उघडतं.)

नागपूर मागे टाकून उमरेड रोडला लागलं, की थोड्या वेळानं डावीकडे हे उपकेंद्र दिसतं.

सिस्टर कपाट उघडतात. गरोदर मातांचं रजिस्टर. लसीकरणाचं. सिकलसेलचं. तापाच्या रुग्णांचं. या शेवटच्याचे रकाने जवळून बघा, पट्टी ठेवून हातानं आखलेत. छापील रजिस्टर संपलं, म्हणून साधी वही आणली. पैसे सिस्टरच्या पर्समधले.

(दृश्य: वहीतली एक ओळ.)

तापाचा एक रुग्ण. नाव, वय, गाव, रक्तनमुना घेतल्याची तारीख. लिहून झालं. आता हीच ओळ टॅबमध्ये भरायची.

या नोंदीचा प्रवास जुना आहे. 2004 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा तीन फॉर्म आले. एस फॉर्म सिस्टर भरणार, लक्षणं पाहून. पी फॉर्म डॉक्टर भरणार, तपासून. एल फॉर्म लॅबचा. सोमवार ते रविवारचा आकडा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग पुण्याला आणि दिल्लीला. ताप आजचा, अहवाल पुढच्या आठवड्यातला. 5 एप्रिल 2021 ला नवं पोर्टल आलं, आयएचआयपी, म्हणजे एकात्मिक आरोग्य माहिती मंच. आजार 18 चे 33 झाले आणि नोंद आठवड्याऐवजी रोजची झाली. काम चांगलंच झालं, त्यात वाद नाही.

(दृश्य: सिस्टर टॅब घेऊन बाहेर येतात. चिंचेचं झाड.)

उपकेंद्रात रेंज नाही. रेंज चिंचेखाली आहे, तीही बुंध्याच्या या बाजूला. टॅब पॉलिथिनच्या पिशवीत, कोपऱ्यातल्या तड्यावर चिकटपट्टी. गोल फिरतंय.

(पाच सेकंद निवेदन नाही.)

2022 मध्ये केंद्रानं आयुष्मान भारत डिजिटल मिशनला पाच वर्षांसाठी 1600 कोटी मंजूर केले. पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी 70,051 कोटींची शिफारस केली. आकडे लहान नाहीत. एनएचएमचा, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, पैसा केंद्र 60, राज्य 40 असा येतो आणि पीआयपीत, म्हणजे त्याच्या खर्चाच्या आराखड्यात, ज्याला हेड (खर्चाचं शीर्षक) असेल त्यालाच मिळतो. पोर्टल बसतं, ट्रेनिंग बसतं, टॅबची खरेदीही एकदा बसते. बॅटरी फुगली तर? रिचार्ज? डाटा एन्ट्री ऑपरेटर ठेवला तरी तो कंत्राटी, अकरा महिन्यांचा. इमारतीची फीत कापता येते हो, बॅटरीची कोण कापणार!

आम्हाला विचाराल तर, नवं ॲप आणण्याआधी जुन्याच्या देखभालीला स्वतःचं हेड द्या. दरवर्षी, न मागता.

(दृश्य: नागपुरातली एक गल्ली. खिडकीतला कूलर.)

सप्टेंबर आहे. उन्हाळा जाऊन तीन महिने झाले, टाकीत पाणी तसंच. वळवळतंय ते बघा.

नोंद उशिरा पोचली, की फवारणीही उशिरा येते.

(दृश्य: रिकामी खाट, गुंडाळलेली मच्छरदाणी. निवेदन नाही.)

(दृश्य: पुन्हा चिंच.)

हिरवी टिक आली. सिस्टर आत जातात, वही उघडतात. त्या ओळीपुढे पेनानं ‘ऑनलाइन केले’ लिहितात, सही करतात. कपाटाला कुलूप.