गळ आधी, रंग शेवटी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘लुअरची निवड’, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली आमिषाची, आणि येताना बऱ्याच जणांनी पेट्या आणल्यात. निवडीवर बोलायचंच आहे. पण आधी एक गाऱ्हाणं मांडतो, कारण ते ऐकून घेणारी इतकी माणसं एका खोलीत एरवी कुठे सापडायची? लुअर घेताना आपण रंग बघतो, गळ बघत नाही. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेणारी बाई आधी पोत बोटांत धरून बघते, काठ-पदर उलगडायला लावते, रंगाचं नंतर. आपण मात्र दुकानात शिरल्या शिरल्या विचारतो, ‘हिरव्यात आणखी काय आहे?’ (हशा)

हे गाऱ्हाणं आपल्याकडे जास्त लागू का पडतं, तेही सांगतो. गोड्या पाण्यातलं लुअरचं बरंचसं साहित्य एकाच माशाभोवती घडलंय: लार्जमाउथ बास. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. जपानात तो 1925 साली आशी तलावात सोडला, तिथून पसरला, आणि जपानी कारागिरांनी त्याच्यासाठी लुअर घडवण्यात कमाल केली. विक्रमी बासही या दोन देशांचेच. 1932 साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आणि 2009 साली जपानच्या बिवा तलावात, दोन्ही मासे दहा किलोंच्या किंचित वर. जाता जाता सांगतो, याच जपानने 2005 मध्ये बासला कायद्याने घातक परका मासा ठरवलं, कारण तो तिथल्या देशी माशांच्या मुळावर उठला. आपल्याकडेही ‘पवनेत बास सोडले तर काय मजा येईल’ असं बोललं जातं. हात जोडून सांगतो, नको. उजनी धरणात चिलापी या परक्या माशाने काय केलंय ते समोर आहे.

तर मुद्दा तोंडाचा. बास झडप घालतो तेव्हा तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. त्याच्या जबड्यावर बारीक, खरखरीत दात असतात, म्हणून तर त्याचा खालचा ओठ अंगठ्यात धरून उचलता येतो. तसा अंगठा मरळीच्या तोंडात घालून बघू नका. मरळीचा जबडा हाडाचा, टाळू टणक, दात धारदार, आणि ती लुअर नुसती ओढून घेत नाही, चावून दाबून धरते. महाशीरचं आणखी वेगळं. त्याच्या जबड्याला दातच नाहीत, दात घशात. पण त्याच्या तोंडाची पकड अशी की बारीक तारेचा ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, पार सरळ होऊन परत येतो.

बासच्या लुअरला बारीक तारेचा गळ का लावतात? बारीक तार कमी जोरात रुतते आणि लुअर हलका राहून नीट डुलतो. त्या माशासाठी हे अगदी बरोबर आहे. तोच लुअर आपण मरळीपुढे टाकतो, मासा निसटतो, आणि घरी येऊन म्हणतो, रंग चुकला! रंग चुकला असता तर तो मासा आलाच नसता.

म्हणून नवा लुअर पाण्यात टाकण्याआधी त्याचे गळ काढा. गळ लुअरला ज्या वेटोळ्याच्या कडीने अडकवलेला असतो ती स्प्लिट रिंग. तिची पक्कड मिळते, चोचीला छोटा दात असलेली, तीच वापरा. नखाने रिंग उघडायला गेलात तर रिंग पसरते, आणि पसरलेली रिंग मोठ्या माशाच्या ओढीला उघडते. रिंगही एक माप जाड घ्या. गळाच्या पाकिटावर टू-एक्स, फोर-एक्स असं लिहिलेलं असतं. ढोबळ अर्थ असा की त्या मापाच्या गळाला दोन किंवा चार मापं मोठ्या गळाची तार वापरली आहे. मरळीला टू-एक्स पुरतो, वाहत्या पाण्यातल्या महाशीरला फोर-एक्स.

याची किंमत मोजावी लागते, तीही ऐका. जाड गळ जड. पाण्यात अधांतरी थांबणारा लुअर तो लावल्यावर बुडायला लागतो, तरंगणाऱ्याचं डुलणं मंदावतं. तेव्हा घरी बादलीत सोडून बघा. फार बुडत असेल तर दोन ट्रेबलऐवजी दोन एकेरी गळ लावा, फक्त ते एकमेकांत अडकत नाहीत ना हे आधी तपासा. एकेरी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही, आणि तुमच्या बोटात गेला तरी सुटकेला दवाखाना लागत नाही. आणि जाड तार रुतवायला जोर लागतो, म्हणून रॉडही मऊ चालत नाही, मीडियम-हेवी हवा.

गळाची धार अंगठ्याच्या नखावर बघायची. टोक नखावर तिरकं टेकवा आणि अलगद सरकवा, दाबायचं नाही. टोक रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर नाही. आपल्या धरणांच्या काठाला काळा पाषाण आहे, चारदोन वेळा गळ त्यावर घासला की टोक गेलं. बारीक कानशीने टोकाकडे घासत दोन-तीन हात मारा. टोकच वळलं असेल तर धार लावत बसू नका, गळ बदला.

आता गाठ. ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या दोरीवर, साधी क्लिंच गाठ घसरते, कारण ब्रेड गुळगुळीत असतो. पालोमार घाला: साधारण 15 सेंटिमीटर दोरी दुमडून तो पदर गळाच्या डोळ्यातून काढायचा, सैल साधी गाठ मारायची, फासातून गळ किंवा लुअर अख्खा काढायचा, थुंकीने ओली करायची आणि सावकाश ओढायची. ओली का, तर कोरडी दोरी आवळताना घासून तापते, आणि तापलेलं नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन तिथेच अशक्त होतं. तुटलेल्या दोरीचं टोक बघायची सवय लावा. टोक गुंडाळलेलं, कुरळं असेल तर गाठ सुटली. खरखरीत असेल तर दगडाने कापली. ब्रेड ताणाला भक्कम, पण पाषाणाच्या कडेवर दोऱ्यासारखा कापला जातो, म्हणून खडकाळ जागी पुढे मीटर-दीड मीटर जाड फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे पुढचा जोडतुकडा, हवाच. जलपर्णीत मात्र लीडर नको, ब्रेड थेट बेडकाला, म्हणजे बेडकाच्या आकाराच्या लुअरला, बांधा. तिथे दोरीने देठ कापायचे असतात.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, हातानेच ‘बरा वाटतोय’ म्हणून ठेवू नका. सामानाचं वजन करायचा काटा दोरीला अडकवा, रॉड वाकवून ओढा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा पडला की ड्रॅग सुटला पाहिजे. 20 पौंडाची दोरी म्हणजे 9 किलो, तर सव्वादोन ते तीन किलोंवर. रॉड वाकवूनच, कारण रॉडच्या रिंगांतलं घर्षण त्यात धरायचं असतं. आणि रिळावर आधी थोडं नायलॉन गुंडाळा. नुसता ब्रेड स्पूलवर फिरतो आणि ड्रॅग सुटतोय असा भास होतो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, निवड. भरभर सांगतो.

पहिला प्रश्न खोलीचा. क्रँकबेट, म्हणजे पुढे पट्टीसारखा ओठ असलेला माशाच्या आकाराचा लुअर, त्याचा ओठ बघा. आखूड आणि खाली वळलेला असेल तर तो वरवर पोहतो, लांब आणि सरळ पुढे आलेला असेल तर खोल जातो. दोरी जितकी बारीक तितका आणखी खोल. मग वेग. थंडीत, पहाटे पाणी गार असताना, सावकाश. मग थरथर. स्पिनर म्हणजे फिरत्या पात्याचा लुअर. त्याचं गोल पातं, म्हणजे कोलोरॅडो, पाणी जास्त हलवतं, ते पावसाळी गढूळ पाण्यासाठी. विलो पातं लांबट, ते चमकतं आणि वेगाने ओढता येतं, ते मुळशीच्या हिवाळी नितळ पाण्यासाठी. रंग सगळ्यात शेवटी: गढूळ पाण्यात काळा, नितळ पाण्यात तिथल्या लहान माशासारखा. लाल रंग खोल पाण्यात सगळ्यात आधी विझतो, त्यावर पैसे घालू नका.

मरळीला पोकळ बेडूक. त्याचे दोन्ही गळ पकडीने अगदी किंचित वर उचला, टोक अंगाला चिकटून राहिलं तर लागत नाही. पोटात पाणी भरतं, अधूनमधून पिळा. श्वास घ्यायला वर आलेली मरळ दिसली की तिच्या डोक्यावर टाकू नका, दोन मीटर पलीकडे टाकून तिच्यावरून आणा. पाणी फुटल्याबरोबर हिसका नको. सैल दोरी गुंडाळा, वजन जाणवू द्या, मग हिसका मारा. आणि नारिंगी पिल्लांचा पुंजका पृष्ठभागावर दिसला तर तिथे टाकूच नका. खाली आईबाप राखणीला असतात. ते त्या वेळी भुकेने नाही, रागाने झेपावतात, आणि ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

महाशीरला 10 ते 18 ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखा धातूचा लुअर, पण आधी स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, नाहीतर दोरीला पीळ पडतो. सुरुवात करणाऱ्याला सात फुटी मीडियम-हेवी रॉड, 3000 किंवा 4000 मापाचं स्पिनिंग रीळ, 30 पौंडाचा ब्रेड, एवढं पुष्कळ. बेटकास्टिंग रिळाचा गुंता हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. धरणावर जाण्याआधी मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविकांनी राखलेले मासे आहेत, तिथे गळ न्यायचाच नाही.

मागच्या टेबलावर पक्कड, कानस, जाड रिंगा आणि बादली ठेवलीय. पेट्या उघडा, एकेक गळ नखावर लावून बघा, प्रश्न तिथेच घेऊ.